हार्डविक हॉल: एवढ्या खिडक्या, मग भार कोण पेलतं?

तिसरं_वर्ष_आर्किटेक्चर
नमस्कार. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या हार्डविक हॉल या जुन्या हवेलीचं मॉडेल करतेय आणि सनबोर्ड (मॉडेलसाठीचा हलका फोमचा पुठ्ठा) कापता कापता अडकले आहे. दर्शनी बाजूला भिंत जवळजवळ नाहीच, नुसत्या खिडक्या. त्याही वरवर जावं तशा आणखी उंच. मग भार उतरतो कुठून? आणि थंड मुलखातलं घर म्हणजे शेकोट्या आल्याच. त्यांची धुराडी कुठे गेली? सोमवारी सबमिशन आहे.

सिव्हिल_लाइन्स
एलिव्हेशन (दर्शनी बाजूचं चित्र) बाजूला ठेव, प्लॅन (वरून दिसणारी भिंतींची मांडणी) शोध. बाकी नागपूरच्या महाल भागातले काका सांगतीलच.

महालातला
बेटा, धुराडं सापडलं की भारही सापडेल. वास्तुकार रॉबर्ट स्मिथसनने शेकोट्या आणि धुराडी आतल्या जाड भिंतींत घेतली, भारही त्याच भिंती पेलतात, म्हणून बाहेरची बाजू खिडक्यांना मोकळी मिळाली. तीही नुसती काच नाही. उभे-आडवे दगडी दांडे आहेत आणि त्यांच्यात शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले काचेचे लहान लहान तुकडे.

आता ते सहा मनोरे बघ. ते नुसते शोभेचे नाहीत. सनबोर्डची सरळ पट्टी उभी कर, पडेल. तीच काटकोनात वळव, उभी राहील. मनोऱ्यांमुळे बाहेरच्या भिंतीला असेच काटकोन मिळाले आहेत. आयुष्यभर स्ट्रक्चरचं काम केलं, तरी हा प्लॅन बघताना मला आजही आनंद होतो.

खिडक्यांच्या उंचीतून घराचा मानपान कळतो. तळाला नोकरचाकर, मधे घरच्यांचा वावर, सगळ्यात वर दरबारी दालनं. तिथवर जायला लांबलचक दगडी जिना आहे. मालकीण बेस (म्हणजे एलिझाबेथ) ऑफ हार्डविक. तिचा चौथा नवरा, श्रूजबरीचा अर्ल, १५९० मध्ये वारला, त्याच वर्षी काम सुरू झालं आणि १५९७ मध्ये ती राहायला आली. मनोऱ्यांच्या माथ्यावर तिने ‘ई एस’ ही आपली अक्षरं दगडात कोरून बसवली, एलिझाबेथ श्रूजबरी म्हणून. काच तेव्हा फार महाग. एवढी काच लावणं हेच वैभव दाखवणं होतं.

आमच्या महालातल्या जुन्या वाड्यांचं गणित नेमकं उलटं. रस्त्याकडे जाड, जवळजवळ बंद भिंत आणि उजेड चौकातून. नागपूरच्या मे महिन्यात ऊन घराबाहेर ठेवायचं असतं, डर्बीशायरात ते आत बोलवायचं असतं. ज्युरीपुढे, म्हणजे परीक्षकांपुढे, दोन्ही प्लॅन शेजारी ठेव. माझ्या मते तुझ्या मॉडेलपेक्षाही ती तुलना जास्त बोलेल.

तिसरं_वर्ष_आर्किटेक्चर
काका, खूप आभार! मग लाँग गॅलरीत, म्हणजे त्या लांबलचक दालनात, काय? ती तर पूर्वेच्या बाहेरच्या भिंतीलाच लागून आहे.

महालातला
म्हणूनच ती चांगला पुरावा आहे. साधारण ५० मीटर लांब. एका लांब बाजूला खिडक्या आणि समोरच्या, म्हणजे आतल्या भिंतीत दोन भल्यामोठ्या शेकोट्या. बाकी भिंत बेसने पडद्यांसारख्या विणलेल्या चित्रांनी झाकली आणि त्यांवर तसबिरी टांगल्या. दिवाणखान्याचंही बघ. तो दर्शनी बाजूला समांतर नाही, पुढून मागे आरपार जातो. त्या काळी ही नवी गोष्ट होती, आणि प्लॅन दोन्ही बाजूंना सारखा बसला तो त्यामुळेच.

छत चिकटवू नकोस, उचलता येईल असं ठेव. आतल्या भिंतींना वेगळा रंग दे.