एल्कच्या शिकारीसाठी रायफल बांधून घ्यायची आहे : पाया म्हणून कोणती बोल्ट-अ‍ॅक्शन निवडावी?

देवराई (फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो)

नमस्कार. मी अकरा वर्षांपासून कोलोरॅडोत स्थायिक आहे. हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करून गेले तीन हंगाम मी शेजारच्या एका अनुभवी गृहस्थांसोबत, त्यांच्याच रायफलीने, एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीस जात आहे. आता स्वतःची रायफल टप्प्याटप्प्याने बांधून घ्यावी असे मनात आहे. आधी चांगला पाया घ्यायचा, पुढील वर्षी दस्ता आणि चाप बदलायचा, आणि मूळ नळी झिजली की चांगल्या कारागिराकडून नवी नळी बसवून घ्यायची. उन्हाळ्यात सहाशे यार्डांपर्यंत पोलादी लक्ष्यांवर सराव आणि शरद ऋतूत दहा हजार फुटांवर चढून शिकार, असे दोन्ही उपयोग असल्यामुळे दुर्बिणीसह वजन नऊ पौंडांच्या पुढे जाऊ नये.

येथील दुकानात .३०-०६ काडतुसाची एक जुनी रेमिंग्टन ७०० बऱ्याच कमी किमतीत आहे. तिच्याच शेजारी ६.५ क्रीडमूर काडतुसाची नवी टिक्का टी३एक्स ठेवलेली आहे. विंचेस्टर मॉडेल ७० विषयीही पुष्कळ चांगले ऐकले आहे. पुढील पंधरा-वीस वर्षांचा विचार करता पाया म्हणून यांपैकी कोणती घ्यावी, आणि जुनी रायफल हातात घेतल्यावर नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

लेथवाला (ग्रँड रॅपिड्स, मिशिगन)

देवराई, नळी, दस्ता, चाप आणि दुर्बीण या पुढे बदलता येणाऱ्या गोष्टी आहेत. त्या तूर्त बाजूला ठेवा आणि जे आयुष्यभर सोबत राहणार तेवढेच पाहा, म्हणजे रिसीव्हर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो सांगाडा) आणि बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून कुलूपबंद करणारा दांडा). ही जोडी म्हणजेच अ‍ॅक्शन. मी चिंचवडच्या एका टूलरूममध्ये उमेदवारी केलेला माणूस आहे आणि येथे आल्यावर हौस म्हणून एका गनस्मिथच्या हाताखाली काही वर्षे शिकलो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

रेमिंग्टन ७०० ही १९६२ साली आली. १९४८ च्या ७२१ आणि ७२२ या रायफलींची ती सुधारित आवृत्ती. तिचा रिसीव्हर गोल सळईतून कातलेला असल्याने लेथवर पकडायला सोपा जातो, आणि धक्का दस्त्याकडे पोचवणारा रिकॉइल लग हा रिसीव्हरच्या अंगचा नसून नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये जाड वॉशरसारखा दाबून बसवलेला असतो. या साध्या रचनेमुळे तिच्या मापाचे दस्ते, चाप आणि मॅगझिन यांची एवढी मोठी बाजारपेठ उभी राहिली, की डिफायन्स, इम्पॅक्ट, झरमॅट यांसारखे स्वतंत्रपणे अ‍ॅक्शन बनवणारे कारखानेही आज दस्त्यात बसणारे माप बहुधा रेमिंग्टनचेच ठेवतात.

परंतु रिसीव्हर गोल आहे म्हणून त्यातील आटे बोल्टच्या अक्षाशी समकेंद्री असतातच असे नाही. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेल्या या रायफलींत रिसीव्हरचे तोंड थोडे तिरके असणे, किंवा बोल्टच्या कुलूप लावणाऱ्या दोन लगांपैकी (दातांपैकी) एकच पुरता टेकणे, हे नेहमी आढळते. मग डायल लावून रनआऊट (अक्षापासूनची चूक) पाहणे, तोंडाचे फेसिंग (काटकोनात सपाट करणे), लगांचे लॅपिंग (घासून बसवणे) आणि आटे पुन्हा कातणे हे सर्व करून घ्यावे लागते. या मजुरीत नव्या नळीची किंमत मिळवली, तर स्वस्तात मिळालेली जुनी रायफल स्वस्त राहत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आटे पुन्हा कातून घेण्याइतके काम करायचे असेल, तर त्या पैशांत रेमिंग्टनच्याच मापाची, मुळातच अचूक कातलेली स्वतंत्र अ‍ॅक्शन घ्यावी. तिला आधीच चेंबर (काडतूस बसण्याची जागा) कापून तयार केलेली नळी बसवता येते आणि जुळवणीचा बराचसा व्याप वाचतो.

दुकानातील रायफल पाहताना, प्रथम ती रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, तीन गोष्टी तपासा. बोल्टची मूठ रेमिंग्टनमध्ये ब्रेझिंगने जोडलेली असते. ती किंचित चुकीच्या जागी बसली असेल तर मूठ उचलताना रिकामे काडतूस सैल करणारी पहिली ओढ कमी पडते आणि उष्ण दिवशी काडतूस अडकते. दुसरे, चाप. जुन्या वॉकर चापाविषयी, बोट न लावता गोळी सुटल्याच्या तक्रारी आणि त्यावरून झालेले खटले सर्वश्रुत आहेत, आणि त्यानंतरच्या एक्स-मार्क प्रो चापांपैकी १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळातील उत्पादन कंपनीने परत बोलावले होते. मूळ चाप असेल तर तो बदलण्याचा खर्च पहिल्याच दिवशी किमतीत धरावा, ‘पुढील वर्षी’ म्हणू नये. तिसरे, बोल्टचे तोंड. .३०-०६, .३०८ आणि ६.५ क्रीडमूर यांच्या बुडाचा व्यास एकच, ०.४७३ इंच, असल्यामुळे या घराण्यात पुढे नळी बदलणे सोपे असते. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमसारख्या ०.५३२ इंचाच्या काडतुसाकडे जायचे तर बोल्टचेही काम निघते.

टिक्काविषयी एवढेच, की फिनलंडमध्ये रीहिमाकीच्या साको कारखान्यात ती बनते आणि सहसा खोक्यातून काढल्यावर तिच्यात सुधारण्यासारखे फार थोडे असते. तिच्यासाठी सुटे भाग रेमिंग्टनइतके नाहीत, परंतु आपल्याला लागतील तेवढे आहेत.

हिमरेषा (बोझमन, मॉन्टाना)

लेथवाला यांनी अचूकतेची बाजू उत्तम मांडली आहे, पण शिकारीची रायफल ही आधी शिकारीची रायफल असते. सहाशे यार्डांवरील अर्ध्या इंचाच्या फरकाने एल्क निसटत नाही. काडतूस अडकल्याने निसटतो.

रेमिंग्टन आणि टिक्का या दोन्हींत बोल्ट काडतुसाला नुसते पुढे ढकलतो आणि ते चेंबरमध्ये पूर्ण बसल्यावरच एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) त्याची कड धरतो. पॉल माऊझर यांच्या १८९८ च्या रचनेत, आणि तिच्याच वळणावर १९३६ साली तयार झालेल्या विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये, मॅगझिनमधून वर येतानाच काडतुसाची कड लांब, रुंद एक्स्ट्रॅक्टरखाली सरकते आणि शेवटपर्यंत त्याच्याच पकडीत राहते. याचा अर्थ मला एका नोव्हेंबरात कळला. हातात जाड हातमोजे, गुडघाभर बर्फ, आणि घाईत मी बोल्ट पुरता बंद न करताच मागे ओढला. पहिले काडतूस चेंबरमध्येच राहिले, दुसरे त्याच्या पाठीवर जाऊन रुतले, आणि बोल्ट ना पुढे जाईना ना मागे येईना. ती रायफल उत्तम होती, चूक माझी होती. पण कडाक्याच्या थंडीत चूक होणारच हे धरून रचना निवडावी असे मला तेव्हापासून वाटते.

मॉडेल ७० ची तीन स्थितींची सेफ्टी थेट फायरिंग पिनला अडवते, रिकॉइल लग अंगचाच आहे, आणि जुन्या रचनेचा चाप उघडा व साधा असल्याने त्यात बर्फ किंवा माती साचून राहत नाही. फक्त उत्पादनाचे वर्ष पाहून घ्या: १९६४ नंतर जवळजवळ तीन दशके या नावाने जे विकले गेले, त्यातील बहुतेकांत ही पकड नव्हती. दस्त्यांची निवड कमी आहे हे मान्य करतो.

पाणंद (ऑस्टिन, टेक्सस)

स्वतःच्या हाताने नळी बदलण्याची इच्छा असेल तर सॅव्हेज ११० चा विचार अवश्य करावा. १९५८ पासूनच्या या रचनेत नळी एका नटाने आवळलेली असते. गो आणि नो-गो गेज (कमीत कमी व जास्तीत जास्त अंतराची मापके) वापरून हेडस्पेस (बोल्टचे तोंड आणि चेंबरमधील काडतूस टेकण्याची जागा यांतील अंतर) जुळवायचा आणि नट कसायचा. लेथची गरज पडत नाही. बोल्टचे डोके सुटे असल्याने काडतुसाचे घराणेही बदलता येते. बोल्टची चाल मात्र टिक्काइतकी मऊ नाही. गेज विकत न घेता अंदाजाने नट कसणारे लोक मी पाहिले आहेत; तसे कृपया कोणीही करू नये.

उंबरठा (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

नव्याने आलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवतो. अमेरिकन कायद्यात रिसीव्हर हीच बंदूक मानली जाते, त्यामुळे नुसती अ‍ॅक्शन मागवली तरी ती परवानाधारक विक्रेत्याकडेच येते आणि फॉर्म ४४७३ भरून पार्श्वभूमीची तपासणी होते. आपल्यापैकी अनेक जण एच-१बी व्हिसावर आहेत. अशा व्यक्तींना बंदूक वा काडतुसे जवळ बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि चालू मुदतीचा शिकार परवाना हा त्यातील प्रमुख अपवाद आहे. राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात. मित्राची रायफल मैदानावर हाती घेण्याआधीही हे तपासावे.

देवराई

सर्वांचे मनापासून आभार. काल दुकानात जाऊन जुनी रेमिंग्टन नीट पाहिली. बोल्ट रिकाम्या रायफलीत सावकाश उचलला, तर काडतूस सैल करणारी ती पहिली ओढ जवळजवळ जाणवलीच नाही, आणि चापही मूळचाच निघाला. ती मी सोडून दिली. हिमरेषा यांचा अनुभव वाचून मॉडेल ७० कडे मन ओढले होते. पण ठरवलेल्या रकमेत दुर्बीणही बसवायची असल्यामुळे टिक्का घेण्याचे नक्की केले आहे. नुसत्या रायफलीचे वजन सुमारे साडेसहा पौंड असल्याने पुढे थोडी जड नळी घेण्यासही वाव राहतो. आता दस्ता आधी बदलावा की नळी?

लेथवाला

दोन्ही नाही. पहिल्या वर्षी दुर्बीण, काडतुसे आणि सराव यांवरच खर्च करा. टिक्काचा रिकॉइल लग हा रिसीव्हरच्या खाचेत बसणारा सुटा पोलादी तुकडा असतो, तो मूळ दस्त्यात हलत नाही ना एवढे पाहा. हलत असेल तर बेडिंग (दस्त्यातील बैठक भरून पक्की करणे) करून घ्या, नवा दस्ता नंतर. कारखान्याची नळी फार घट्ट कसलेली असते, ती घरच्या पकडीत फिरवू नका. तशीही ६.५ क्रीडमूरची नळी दोन हजार गोळ्या सहज टिकते, तोवर वहीत प्रत्येक गोळीची नोंद ठेवा. आणि हिमरेषा यांची गोष्ट लक्षात ठेवून हातमोजे घालूनच बोल्ट चालवण्याचा सराव करा, डमी काडतुसांनी, शक्यतो उभ्याने.