पहिल्या चार पानांवर नंबर नको, पाचव्यापासून १ हवा

प्रबंधग्रस्त: वर्डमध्ये प्रबंध लिहितेय. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका ही चार पानं बिननंबरी हवीत. ‘डिफरंट फर्स्ट पेज’वर टिचकी मारून मुखपृष्ठाचा नंबर गेला. पण दुसऱ्या पानावरचा खोडला की सगळीकडचेच जातात! शेवटी वैतागून तीन नंबरांवर पांढरे चौकोन चिकटवले. हसू नका. काल ऋणनिर्देशात दोन ओळी वाढल्या आणि एक चौकोन सरकून भलतीकडेच गेला.

समासातला: हसलो, कारण मीही हेच केलं होतं. चौकोन काढून टाका. फूटर, म्हणजे नंबर असलेली पानाच्या तळाची पट्टी, एकेका पानाचा नसतो, अख्ख्या सेक्शनचा (फाइलच्या विभागाचा) असतो. तुमची फाइल म्हणजे सध्या एकच सेक्शन, म्हणून एक खोडला की सगळे जातात.

पाचव्या पानाच्या पहिल्या अक्षराआधी कर्सर ठेवा. लेआउट, ब्रेक्स, आणि तिथे ‘सेक्शन ब्रेक्स’खालचं ‘नेक्स्ट पेज’. कंट्रोल-एंटर नव्हे, त्याने नुसतं पान बदलतं, सेक्शन नाही. आधी तिथे कंट्रोल-एंटर मारलं असेल तर ते काढा, नाहीतर मध्ये कोरं पान येईल. मग पाचव्या आणि सहाव्या, दोन्ही पानांच्या फूटरवर डबल क्लिक करून ‘लिंक टु प्रीव्हियस’ बंद करा; ‘डिफरंट फर्स्ट पेज’मुळे दोन्हींचे फूटर वेगळे असतात. हे झाल्यावरच मागच्या पानांचे नंबर खोडा. क्रम उलटा केलात तर पुन्हा सगळे जातील. शेवटी ‘फॉरमॅट पेज नंबर्स’मध्ये ‘स्टार्ट ॲट’ १.

प्रबंधग्रस्त: मागचे गेले! पण पाचव्या पानावर काहीच नाही, सहाव्यावर थेट २.

समासातला: म्हणजे मोजणी बरोबर आहे, फक्त १ दिसत नाहीये. ते ‘डिफरंट फर्स्ट पेज’ नव्या सेक्शनलाही वारशात मिळालं. पाचव्या पानाच्या फूटरमध्ये जाऊन तिथली खूण काढा.

जुना_टंकलेखक: लिबरऑफिसवाल्यांसाठी (वर्डसारखंच मोफत सॉफ्टवेअर): तिथे सेक्शनच्या नादी लागू नका, हा सगळा खेळ पेज स्टाइलचा, म्हणजे पानाच्या मांडणीच्या साच्याचा. ‘मॅन्युअल ब्रेक’ टाकताना नवी स्टाइल निवडा, तिथेच पान क्रमांक १ द्या आणि फूटर फक्त त्या स्टाइलला ठेवा. एक खोच आहे. तिथे विषम नंबर कायम उजव्या पानावर. सम जागी येणाऱ्या पानाला १ दिलात, तर छापताना आधी एक कोरं पान आपोआप घुसतं. बिघाड समजून लोक तासन्‌तास डोकं फोडतात. यांचं पाचवं पान आहे म्हणून सुटल्या.

प्रबंधग्रस्त: १ आला!! अनुक्रमणिकेत मात्र अजून जुनेच आकडे आहेत.

समासातला: ती आपणहून बदलत नाही. तिच्यावर क्लिक करून एफ-९ दाबा.

प्रबंधग्रस्त: जमलं. हरवलेला चौकोनही सापडला, गाइडच्या नावावर बसला होता.