मेलेली मुळंही कामाची असतात

खाणीच्या गाळावर गवत-झाडं लावून त्याची माती होते का, या चर्चेत "मुळं फक्त भुकटी धरून ठेवतात, माती बनवत नाहीत" असं एक मत आलं; ते मला अर्धंच पटलं. खनिज काढून उरलेला गाळ म्हणजे दळलेला दगड. सेंद्रिय कार्बन नावालाच, ओला झाला की चिखल, वाळला की सिमेंट. जिवंत मुळं त्यात साखरा आणि सायट्रिक, ऑक्झॅलिकसारखी आम्लं सोडतात. आम्लांनी खनिजं झिजतात, साखरांवर जिवाणू पोसले जातात, मग त्यांचा चिकट स्राव आणि बुरशीचे धागे मिळून सुटे कण एकत्र बांधतात. मातीला पोत येतो तो इथून.

मेलेल्या मुळांबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. गवताची बारीक मुळं सतत मरतात, कुजतात; मागे राहिलेल्या नळ्यांतून हवा-पाणी खाली उतरतं आणि पुढची मुळंही तीच आयती वाट धरतात. वरून पसरलेलं कंपोस्ट आपणहून तेवढं खोल जात नाही. अर्थात गाळात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर आधी चुना हवाच (हे विसरून नुसतं बी फेकणारे बरेच). हवा-पाणी लागलं की त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, आणि सामू (pH) ३ च्या खाली गेला की बहुतेक झाडांची मुळं वाढतच नाहीत.