स्वतःची फायटिंग स्टाईल: बनवायची की आपोआप बनते?

साइडकिक_ठाणे
आमच्या कराटे क्लासात फर्मान निघालंय: ब्लॅक बेल्ट होईपर्यंत बाहेरचं काही शिकायचं नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही. ब्रूस ली विंग चुन ही चिनी कुंग फूची शैली शिकलेला. 1964 साली अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये वाँग जॅक मॅन या कुंग फूवाल्याशी झालेली लढत लांबली, ते त्याला खटकलं. मग बॉक्सिंग, फेन्सिंग, जिथून जमेल तिथून उचललं आणि स्वतःच्या पद्धतीला 1967 मध्ये जीत कुन डो असं नाव दिलं. माझी उंची बेताची. लांब टांगांच्या पोरांना शोभणाऱ्या किक मी वर्षानुवर्षं का घासू? कराटेचा पंच, कुस्तीचा पट (पाय धरून पाडायचा डाव), बॉक्सिंगचं फूटवर्क असं जुळवून माझी पद्धत बांधतोय. वहीत लिहायलाही घेतलीय.

लालमाती
वहीत? भावा, वहीत कुस्ती होत नसती.
आमच्या तालमीत ढाक, कलाजंग, एकलंगी, घिस्सा, सगळे डाव सगळ्यांना घोटावे लागतात. वस्ताद कुणाला निवडायला देत नाहीत. पुढं कधीतरी दिसतं की याचा हात ढाकेवर बसलाय, त्याचा पटावर. ते पोरगं ठरवत नाही, रोज अंगावर येणारी जोड ठरवते. खाशाबा जाधवांची ढाक घ्या. मान बगलेत धरून फेकायचं, डाव तोच जुना. मॅटची सवय नसताना 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ. स्टाईल शोधत बसले असते तर झालं असतं का?
थोडं इथलं, थोडं तिथलं केलं की भेळ होते. आणि ओकलंडच्या त्या लढतीत जिंकलं कोण, यावर आजही भांडणं चालू आहेत, तेवढं लिहायचं राहिलं का?

जुडोका_पुणे
लालमाती दादा, खाशाबांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय की! लंडनला त्यांना तयार केलं रीस गार्डनर या अमेरिकन पैलवानानं. बाहेरचं शिकले म्हणूनच पुढचं झालं.
आमच्या जुडोचे जनक कानो जिगोरो बघा. जुजुत्सू या जुन्या जपानी कुस्तीची दोन घराणी शिकून 1882 मध्ये कोडोकान ही स्वतःची शाळा काढली तेव्हा वय 21. पण माझ्या मते खरी हुशारी त्यांनी काय *वगळलं* त्यात आहे. जे डाव पूर्ण जोरानं टाकले तर जोडीदार जायबंदी होईल, ते रोजच्या रांदोरीतून, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीतून, बाहेर. उरलेले मात्र रोज, पूर्ण ताकदीनं, समोरचा विरोध करत असताना टाकायचे. साइडकिक, तुझ्या वहीतलं किती असं टाकून पाहिलंयस?

लालमाती
ताई, दोन घराणी *शिकून*, तुम्हीच लिहिलंय. याचं एक तरी पुरं झालंय का?

साइडकिक_ठाणे
एक पुरं व्हायला आयुष्य जातं, असं प्रत्येक सर म्हणतात. मग दुसरं कधी शिकायचं? साठीला?

रिंगच्या_बाहेरून
दोघांचं भांडण चालू द्या, मी फक्त त्या पंच + पटाबद्दल बोलतो. हे नुसतं बेरजेनं होत नाही. किक पटकन सुटायची तर पुढचा पाय हलका लागतो. पट काढायचा तर कंबर खाली आणि पुढच्या पायावर भार. त्यात पॉइंट कुमितेची, म्हणजे कराटेच्या गुणांवरच्या लढतीची खोड: पंच लागला की हात खाली, मान रेफरीकडे, 'यामे' (थांबा) ऐकायची वाट. कुस्तीवाला तेवढ्यात पाय घेऊन गेलेला असतो. तू कराटे शिकलास, कुस्तीही शिकशील, पण पंच परत येतानाच कंबर खाली जायला हवी, हा मधला सांधा दोन्हीकडे कुणीच शिकवणार नाही. तो तुलाच बांधावा लागेल. तेवढ्यापुरती तुझी वही बरोबर.
एक राउंड असा कर: जोडीदारानं फक्त पाय पकडायचे, तू फक्त पंच मारायचे. मग भूमिका बदला.

लालमाती
हे पटलं. पण त्यासाठी पट काढणारा खरा पैलवान लागतो, यूट्यूबवरचा नाही. तालमीत जा. बेल्टचं कौतुक तिथं कुणाला नसतं, पहिले दोन महिने नुसत्या जोर-बैठका मारायला लावतील. आणि तुझ्या सरांना सांगून जा.

जुडोका_पुणे
शेवटचं सोडून सगळं मान्य. सांगू नकोस. नाव काढून टाकतील.

लालमाती
काढू देत की. चोरून शिकलेला डाव वस्तादाला पहिल्याच लढतीत दिसतो ताई.