‘यकृताचे विकर वाढले’: पत्रकात काय लिहावं?

भाषांतरवाली, गंगापूर रोड
रुग्णांसाठी रक्ततपासणीचं पत्रक मराठीत करतेय. ‘यकृतातले विकर रक्तात वाढले आहेत’ असं लिहिलं. विकर म्हणजे एन्झाइम. वाचायला दिलं तर बहुतेकांनी ‘विकार वाढले’ असंच वाचलं. शब्द शाळेच्या पुस्तकातला आहे, तरी बदलू का? आणि सीरमला काय म्हणू?

लॅबवाला सिडको
ताई, बदलाच. काउंटरवर सगळे ‘एसजीपीटी (यकृतातलं एक एन्झाइम) किती आलं?’ विचारतात. आणि ‘विकार’ वाचलं तर अर्थच उलटा होतो. पेशींना इजा झाली की आतलं एन्झाइम रक्तात येतं. आकडा त्या इजेची खूण आहे, आजाराचं नाव नव्हे. एसजीओटी हे दुसरं एन्झाइम तर हृदयात, स्नायूंत, तांबड्या पेशींतही असतं. नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तरी वाढलेलं दिसतं. वाढत्या वयाच्या मुलांचं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम हाडांमुळे जास्तच असतं. तिथे ‘विकार’ वाचून आईबाप किती घाबरतील!

पंचवटीकर
लोक चुकीचं वाचतात म्हणून मराठी सोडायची? एन्झाइमला ‘वितंचक’ घ्या. संस्कृतात आतंचन म्हणजे विरजण लावणं. आपल्या घरातला शब्द आहे.

दिंडोरीचा द्राक्षवाला
काका, विरजणात जिवंत जीवाणू असतात, एन्झाइम जिवंत नसतं. आम्ही वायनरीत रस नीट सुटावा म्हणून पेक्टिनेज घालतो, त्याला ‘एन्झाइम’ म्हणतो. यीस्ट नंतर, वेगळं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कूने यांनी १८७० च्या दशकात हा शब्द काढला तोच पेप्सिनसारख्या पाचक पदार्थांना जिवंत यीस्टपासून वेगळं करायला. मूळ ग्रीक अर्थ मात्र ‘यीस्टमध्ये’!

पंचवटीकर
मग ग्रीकांना विरजण चालतं, आम्हालाच का नाही?

निवृत्त परिचारिका
शब्द मागे राहतात, वैद्यक पुढे जातं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर एसजीओटी वाढतं हे १९५४ साली दाखवलं गेलं, तेव्हापासून ‘कार्डिअक एन्झाइम’. आता ट्रोपोनिन बघतात, ते एन्झाइमच नाही, स्नायूतलं प्रथिन आहे. वॉर्डात नाव तेच.

भाषांतरवाली, गंगापूर रोड
सीरमचं राहिलं. ‘रक्तद्रव’ चालेल?

लॅबवाला सिडको
नको, तो प्लाझ्मा, म्हणजे न गोठलेल्या रक्तातला द्रव. रक्त गोठल्यावर वर उरतं ते सीरम, त्यात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन नसतं.

पंचवटीकर
‘रक्तजल’ लिहा. आणि ‘विकर वाढले’ नव्हे, ‘विकरे वाढली’. ते विकर, ती विकरे.

निवृत्त परिचारिका
आम्ही तर ‘तो विकर’च शिकलो.