ट्रिगर 500 ग्रॅमला बसवला आणि शॉटचा ग्रुप डावीकडे खाली गेला. ग्रिप बदलू की छर्रे?

नवखा_पिस्तुलवाला:
नमस्कार मंडळी, 10 मीटर एअर पिस्तूल मारतो, दोन वर्षं झाली, उजव्या हाताचा आहे. मागच्या मॅचला इक्विपमेंट कंट्रोलमध्ये (साहित्य तपासणीत) माझ्या ट्रिगरने 500 ग्रॅमचं वजन उचललंच नाही, तीनही वेळा फटकन सुटला. मग तिथेच कुणाची तरी ॲलन की मागून घेतली, दोन स्क्रू पिळले, परत रांगेत उभा राहिलो आणि पास झालो. पण तेव्हापासून शॉट डावीकडे खाली, सात-आठच्या रिंगमध्ये. साईटचे क्लिक देऊन (तिचे स्क्रू फिरवून) मध्ये आणलं तर आता मधूनच एखादा उजवीकडे वर जातो. आधी 600 पैकी 560 च्या आसपास यायचे, आता 540 ला पण घाम फुटतो. नवीन ग्रिप, वेगळे छर्रे आणि बॅरलला लावायचं वजन असं सगळं घ्यायचा विचार आहे, शिवाय एक मित्र म्हणतो मनगटाला सपोर्ट बांध. आधी काय घेऊ? पिस्तूल सेकंडहँड आहे, मेकॅनिकल ट्रिगर, मॅन्युअल मिळालेलं नाही.

जुना_स्क्रूड्रायव्हर:
भावा आधी पाकीट खिशात ठेव. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय तुझं. बिघाड त्या दोन स्क्रूंनी झालाय आणि तू निघालास ग्रिप आणायला. कुठले दोन पिळलेस ते आठवतंय का?

मेकॅनिकल ट्रिगरमध्ये साधारण पहिल्या स्टेजचं वजन (बोट अडेपर्यंतचं), तिचा प्रवास, दुसऱ्या स्टेजचं वजन (तिथून सुटेपर्यंतचं), सिअरची म्हणजे शॉट अडवून धरणाऱ्या खटक्याची पकड आणि सुटल्यावर ट्रिगरला अडवणारा मागचा ट्रिगर स्टॉप एवढं फिरवता येतं, काहींत जास्त काहींत कमी. नियमातला किमान 500 हा एकूण आकडा आहे, तो दोन स्टेजमध्ये कसा वाटायचा ते नियम सांगत नाही. बरेच जण पहिल्या स्टेजला 350-400 ठेवतात, म्हणजे बोट अडतं तिथून पुढे फक्त शंभर-दीडशे ग्रॅम वाढवायचे उरतात. तू घाईत बहुतेक सगळी वाढ दुसऱ्या स्टेजला दिलीस, आता बोट तिथे जाऊन थांबतं, सुटत नाही, मग तू झटका देतोस आणि झटका देताना बाकीची बोटं पण आवळतात. उजव्या हाताच्या माणसाचा डावीकडे खाली म्हणजे दहातल्या आठ वेळा हेच.

दुसरं म्हणजे ट्रिगर स्टॉप. तो सैल झाला असेल तर शॉट सुटल्यावर ट्रिगर रिकामा मागे धावतो आणि बोट त्याच्याबरोबर, छर्रा बॅरलमध्ये असतानाच नळी हलते. उलट जास्त आवळलास तर सुटणारच नाही.

सिअरच्या स्क्रूला मात्र हात लावू नकोस. पकड कमी झाली की पिस्तूल नुसत्या धक्क्याने सुटू शकतं, ती गंमत नाही. बाकीचे स्क्रू फिरवण्याआधी डोक्यावर मार्करने रेघ मार, एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा, आणि वहीत लिही. मॅन्युअल कंपनीच्या साईटवर जुन्या मॉडेलचं पण बहुतेक मिळतं, ते काढल्याशिवाय सुरुवातच करू नकोस.

आणि घरी वजन कशावर मोजलं होतंस?

नवखा_पिस्तुलवाला:
दादा, हुकवाला स्प्रिंग काटा होता, सामान तोलायचा 😅 त्यावर 510 दाखवत होता.

जुना_स्क्रूड्रायव्हर:
तिथेच शेण खाल्लंस. कंट्रोलला काटा नसतो, मोजून केलेलं वजन असतं, नळी सरळ उभी, वजन ट्रिगरच्या मध्याजवळ अडकवून टेबलावरून अलगद उचलायचं, आणि पिस्तूल कॉक केलेलं, हवेचा चार्ज चालू. ट्रिगरच्या पात्याच्या टोकाला अडकवलंस तर तरफ लांब होते आणि तोच ट्रिगर हलका लागतो, मध्यावर पास होणारा टोकावर फेल होतो. क्लबमधलं वजन वापर किंवा स्वतः एक बनवून अचूक काट्यावर तपासून घे. आणि अगदी 500 वर ठेवू नकोस, 510-520 ठेव, मॅचनंतरच्या तपासणीत हलका निघाला तर थेट डिसक्वालिफाय.

समोरची_साईट:
ट्रिगरबद्दल दादा बरोबरच सांगतायत पण सगळं खापर स्क्रूवर फोडू नका, क्लिक देऊन चूक मध्ये आणायची हा जास्त मोठा घोळ आहे. झटक्याला क्लिकने भरपाई केलीस, म्हणून ज्या शॉटला तू नीट सोडतोस तोच उजवीकडे वर जातो! तो उजवीकडचा शॉट तुझा चांगला शॉट आहे रे. आधी साईट जुन्या जागी आण.

मग आठवडाभर टार्गेटच नको, कोरी पांढरी भिंत आणि ड्राय फायर, म्हणजे छर्र्याशिवाय ट्रिगर. लक्ष फक्त फ्रंट साईटवर, ट्रिगर सुटताना ती मागच्या साईटच्या खाचेतून कुठे उडी मारते ते बघ, डावीकडे खाली पडत असेल तर उत्तर मिळालं. हिशोब सांगते, पिस्तुलाच्या दोन साईटमधलं अंतर साधारण 330 मिमी धरलं तर फ्रंट साईट खाचेत 1 मिमी सरकली की टार्गेटवर 30 मिमी, आणि रिंग 8 मिमीची, म्हणजे जवळजवळ चार रिंग गेल्या. तेच हात मिलीमीटरभर हलला आणि साईट एकमेकींशी सरळ राहिल्या तर टार्गेटवर पण मिलीमीटरभरच. म्हणून मी हात थरथरतो म्हणणाऱ्यांना काही बोलत नाही, साईट बिघडवणाऱ्यांना बोलते.

ग्रिपच्या बाबतीत मात्र दादांपेक्षा माझं मत वेगळं आहे. सेकंडहँड पिस्तूल म्हणजे ग्रिप दुसऱ्याच्या हाताची असणार, ती बघायलाच हवी. डोळे मिटून हात वर कर, दोन श्वास घे, डोळे उघड. फ्रंट साईट दर वेळी खाचेच्या एकाच बाजूला दिसत असेल तर ग्रिप चुकतेय. पण नवीन घ्यायची गरज नसते, लाकडाची पुटी आणि कानस पुरते. तळहाताखालची फळी हाताला टेकली पाहिजे, चिमटा नको, आणि पुटी भरून तिचा कोन 90 अंशांच्या आत आणू नकोस, नियमात चालत नाही. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग पात्यावर सरळ मागे येतो का ते पण बघ, पातं पुढेमागे सरकवता येतं.

छर्रा_मोजणारा:
मी रायफलवाला, तरी छर्र्यांवर बोलतोच. तुझ्या टार्गेटचा दहा 11.5 मिमीचा आणि छर्रा 4.5 चा, म्हणजे छर्र्याचं केंद्र मध्यापासून 8 मिमी सरकलं तरी दहाच. आमच्याकडे दहा म्हणजे 0.5 मिमीचा ठिपका, आम्हाला फक्त 2.5 मिमीची मुभा, वर गुण दशांशात, पॉइंट एकवर मॅच जाते. म्हणून आम्ही 4.49, 4.50, 4.51 चे डोके आणि प्रत्येक बॅच बॅरल शिकंजात पकडून टेस्ट करत बसतो. तुला आत्ता त्याचा उपयोग नाही, 540 मारणाऱ्याच्या हातून बॅचचा फरक दिसत नाही (राग मानू नकोस, मीही तिथूनच गेलोय). चपट्या डोक्याचे मॅच छर्रे घे, पिस्तुलाला थोडे हलके लोक पसंत करतात, आणि वर्षभर तेच मार.

सेकंडहँड आहे म्हणून हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघ आधी! बनवल्यापासून 10 वर्षं, त्यानंतर भरायचा नाही आणि कंट्रोलला पण अडवतात. शॉट वर-खाली अशी उभी रेघ मारत असतील तर प्रेशर किंवा रेग्युलेटरवर संशय घे, पण तुझे तिरके जातायत म्हणजे तो विषय नाही. भरताना सावकाश, कोरडी हवा, आणि व्हॉल्व्ह-थ्रेडला घरातलं मशीन ऑइल बिलकुल नाही, दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. ओ-रिंगला कंपनी सांगेल तेच ग्रीस, तेही टाचणीच्या टोकाएवढं. बॅरलला फेल्टचे गोळे, मागून पुढे, पेटीभर छर्रे झाले की दोन-तीन, बास. मी सुरुवातीला रोज तेल घालून चमकवायचो, पहिले दहा-बारा शॉट कुठेही जायचे आणि मी स्टान्सला (उभं राहण्याच्या पद्धतीला) दोष देत बसायचो.

समोरची_साईट:
आणि हो, मनगटाचा सपोर्ट नियमात बसत नाही, मित्राला सांग. बॅरलचं वजन लाव, पण सगळं मिळून 1.5 किलोच्या वर नको आणि पिस्तूल 420 x 200 x 50 मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. खर्च करायचाच असेल तर न नेमणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी घे, 30 मिमीपर्यंत चालते, एक डोळा मिटून 60 शॉट मारणं म्हणजे चेहरा आखडवणं.

नवखा_पिस्तुलवाला:
दहा दिवसांनी लिहितोय. मॅन्युअल मिळालं. दोन्हीपैकी एक स्क्रू दुसऱ्या स्टेजचाच होता आणि दुसरा चक्क ट्रिगर स्टॉप, वजन समजून दीड फेरा सैल केला होता. आता क्लबच्या वजनाने पहिली 385, एकूण 515. साईट जुन्या जागी. भिंतीवर पहिले दोन दिवस फ्रंट साईट दर वेळी डावीकडे पडताना दिसली, लाज वाटली पण दिसली. काल 551 आले, एकच सात. ताई, डोळे मिटायच्या टेस्टमध्ये साईट किंचित उजवीकडे येते, पुटी तळहाताच्या बाजूला भरू की बोटांच्या?

समोरची_साईट:
अजून काहीच भरू नकोस. आधी पाऊल हलवून बघ, पूर्ण पिस्तूलच टार्गेटच्या उजवीकडे जातंय की फक्त फ्रंट साईट खाचेत उजवीकडे आहे ते वेगळं कर. पहिलं असेल तर स्टान्स, दुसरं असेल तर ग्रिपचा फोटो वरून आणि मागून काढून टाक इथे, मग सांगते.