एशरला 'कोडी घालणारा' म्हणून मोडीत काढणाऱ्यांना उत्तर

काळी शाई

काल एका धाग्यावर रविवारकर यांनी लिहिलं की नेदरलंड्सचा मॉरित्स एशर हा चित्रकार नव्हेच, गणिताची कोडी सुबक काढणारा ड्राफ्ट्समन आहे. त्याच्या चित्रांत माणूस नाही, ऊब नाही, आणि होस्टेलच्या भिंतीवर पोस्टर लावायचं वय सरलं की त्याच्यात बघण्यासारखं काही उरत नाही. वर शेवटची ओळ अशी की 'शेवटी सगळं छापीलच, मूळ चित्र म्हणून दाखवायला काय आहे?' तिथंच उत्तर लिहायला बसले, पण ते आवरेना म्हणून हा वेगळा धागा. मी बावीस वर्षं लाकूड कोरते आहे. ही शेवटची ओळ मला रात्रभर टोचत राहिली.

तुम्ही ज्या एशरबद्दल बोलताय तो साठी ओलांडलेला एशर आहे. न संपणारे जिने १९६०चे, उलटा वाहणारा धबधबा १९६१चा. त्याआधी त्याने आयुष्याची ऐन वर्षं इटलीत काढली. १९२२ साली तो तिथे गेला आणि १९३५पर्यंत राहिला. पाठीवर पिशवी टाकून आब्रुत्सी, कालाब्रिया, आमाल्फीचा किनारा पायी हिंडला. 'कास्त्रोव्हाल्वा' हे १९३०चं लिथो, म्हणजे दगडावर रेखाटून छापलेलं चित्र, कधी नीट पाहिलंय? डोंगराच्या कडेला चिकटलेलं गाव, खाली खोल दरी, आणि पुढ्यात, अगदी पायाशी, गवताची पाती न् झुडपं एकेक करून काढलेली. यात कुठलं कोडं आहे? १९३४मध्ये त्याने रात्रीच्या रोमचे वूडकट, म्हणजे लाकूड कोरून छापलेली चित्रं, केले, तेही बघा.

इटली त्याने हौसेने सोडली नाही. नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत फॅसिस्टांच्या बालसेनेचा गणवेश चढवायला लावला, तेव्हा याने बिऱ्हाड हलवलं. स्वित्झर्लंडच्या बर्फात त्याला काढावंसं वाटेल असं काही दिसेना. १९३६मध्ये त्याने एका जहाज कंपनीला कळवलं, मला आणि बायकोला फिरवून आणा, भाड्याऐवजी मी छापचित्रं देतो. कंपनी कबूल झाली. त्या प्रवासात तो दुसऱ्यांदा स्पेनमधल्या आल्हाम्ब्राच्या राजवाड्यात गेला आणि नवराबायको दिवसचे दिवस भिंतींवरच्या फरश्यांच्या नकला उतरवत बसली. पुढची सगळी गुंतलेली मासे-पाखरं तिथून आली. डोळ्यांसमोरचा आवडता मुलूख गेला, तेव्हा हा माणूस आत वळला. याला तुम्ही ऊब नसणं म्हणता?

आणि हात? 'दिवस आणि रात्र', १९३८. हे वूडकट. दोन लाकडी ठोकळे, एक काळ्याचा, एक राखाडीचा. याच्या सहाशेहून जास्त प्रती त्याने स्वतः छापल्या, त्याही प्रेस न वापरता. शाई लावलेल्या ठोकळ्यावर कागद ठेवायचा आणि मागून हाडाच्या चमच्याने घासत जायचं. मी लाकडी चमचा वापरते. त्याच्या निम्म्या आकाराच्या ठोकळ्याची एक प्रत उतरवायला मला पाऊण तास लागतो आणि संध्याकाळी खांदा वर होत नाही.

आता माणसाबद्दल. हार्लेमच्या शाळेत तो १९१९ साली वास्तुकला शिकायला गेला होता. त्याला छापचित्रांकडे वळवलं साम्युएल येसुरुन द मेस्किता या शिक्षकाने. ते पोर्तुगीज वंशाचे ज्यू. १९४४च्या फेब्रुवारीत एशर त्यांना भेटायला गेला तर घर फोडलेलं, कागद जिन्यावर विखुरलेले. गुरुजी आणि त्यांच्या पत्नीला आउशवित्झला नेऊन मारलं. एशरने त्या घरातून हाताला लागली तितकी चित्रं उचलून लपवली आणि युद्ध संपल्यावर १९४६मध्ये आम्स्टरडॅमला त्यांचं प्रदर्शन घडवून आणलं. त्यातला एक कागद, ज्यावर जर्मन बुटांच्या खिळ्यांचे ठसे उमटले होते, तो त्याने शेवटपर्यंत स्वतःजवळ ठेवला. असा माणूस थंड?

रविवारकर

ताई, मेस्कितांची हकीकत मला माहीत नव्हती, वाचून गलबलून आलं. पण ती माणसाची थोरवी झाली. मी चित्रांबद्दल लिहिलं होतं. चांगला शिष्य असला म्हणून चित्र चांगलं ठरत नाही, आणि खांदा दुखला म्हणून तर नाहीच नाही. माझे आजोबा चाळीस वर्षं सुतारकाम करत होते, त्यांचा खांदा रोज दुखायचा.

तुम्हीच सांगा, न संपणाऱ्या जिन्यांवरच्या त्या बैराग्यांना चेहरे आहेत? १९५३च्या 'सापेक्षता'मध्ये तर डोकी म्हणजे नुसती अंडी. त्याच देशात तीनशे वर्षं आधी रेम्ब्रांट होऊन गेला, तोही छापचित्रंच करायचा. त्याचं 'शंभर गिल्डरचं चित्र' बघा. आजारी, म्हातारे, आईच्या कडेवरची पोरं, प्रत्येकाचं तोंड वेगळं. तिथे मी अर्धा तास थांबतो. एशरच्या चित्रापुढे युक्ती कळेपर्यंत थांबतो, मग पुढे जातो. आपलं सहकारी चित्रकारांपेक्षा गणितज्ञांशी जास्त जमतं हे एशरने स्वतःच लिहून ठेवलंय. तो कबूल करतो, तुम्ही का करत नाही?

गणिताचा मास्तर

'कोडी' हा शब्द शिवीसारखा वापरलाय, त्याचा निषेध. आठवीत इंटरमीजिएटच्या तयारीत मी संकल्पचित्र कंपासने काढलं होतं. आमच्या चित्रकलेच्या सरांनी ते सगळ्या वर्गासमोर फाडलं आणि म्हणाले, ही भूमितीची वही नाही. पस्तीस वर्षं झाली, अजून तो आवाज कानात आहे. रविवारकरांचं लिखाण वाचताना तेच सर आठवले.

१९५४ साली आम्स्टरडॅमला जागतिक गणित परिषद भरली, तेव्हा स्टेडेलिक संग्रहालयात एशरचं प्रदर्शन लावलं होतं. तिथे रॉजर पेनरोज नावाचा तरुण विद्यार्थी आला, चित्रं पाहून झपाटला, आणि घरी जाऊन त्याने अशक्य त्रिकोण काढला. वडिलांबरोबर त्यावर लेख लिहिला, तो १९५८मध्ये छापून आला आणि एशरकडे पोचला. त्यातून ते जिने आणि तो धबधबा निघाला. चित्रातून गणित, गणितातून पुन्हा चित्र. आणि 'वर्तुळ-मर्यादा ३', १९५९. मध्यभागी मोठे मासे, कडेकडे लहान लहान होत जाणारे. कॉक्सेटरसारख्या भूमितीतज्ज्ञाने नंतर हिशेब मांडून दाखवलं की त्या पांढऱ्या रेषा मिलिमीटरपर्यंत बरोबर आहेत. गणितात सौंदर्य नसतं असं ज्याला वाटतं त्याने हे चित्र पाहावं. एशर आमचा आहे.

काळी शाई

मास्तर, तुमच्या सरांनी केलं ते वाईटच. पण 'एशर आमचा' हे ऐकलं की मला रविवारकरांपेक्षा जास्त राग येतो. तुम्ही लोकांनीच त्याला असा पळवलाय की कुठलंही पुस्तक उघडा, चित्राखाली सूत्र. शाळेत तो गणितात कच्चा होता. 'वर्तुळ-मर्यादा' ज्यावरून सुचलं त्या कॉक्सेटरच्या आधीच्या लेखातला मजकूर त्याला कळला नव्हता, त्याने फक्त आकृतीवरून माग काढला. कॉक्सेटरने हिशेब नंतर केला. आधी हाताने आणि डोळ्याने केलं ते एशरने. तुमच्या म्हणण्यातून नेमकं हेच गळतं.

गणिताचा मास्तर

सूत्र लिहिता आलं नाही म्हणजे गणित केलं नाही असं कुठे आहे? आरशांच्या, फिरवण्याच्या, सरकवण्याच्या सगळ्या तऱ्हा त्याने वहीत स्वतःच्या खुणांनी मांडल्या. सपाट कागद एकाच आकाराने भरायची १३७ रंगीत चित्रं आहेत त्या वह्यांत. हे गणितच आहे, नाव वेगळं. तुम्हाला तो 'फक्त हाताचा' ठेवायचाय आणि रविवारकरांना 'फक्त डोक्याचा'. दोघंही अर्धा माणूस कापताय.

चौकटवाला

मूळ मुद्दा बाजूला राहू द्या. सहाशे प्रती वाचून मी अडकलोय. तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी एक वूडकट विकत घेतलं, खाली पेन्सिलीने ७/२५ असं लिहिलेलं, म्हणजे पंचवीस प्रतींतली सातवी. त्या पंचवीसच्या भरवशावर पैसे दिले. घरी आल्यावर मेव्हणे म्हणाले, एवढे पैसे झेरॉक्सला? मी त्यांच्याशी भांडलो. पण आता मलाच वाटतंय, जो चित्रकार मागणी येईल तसा छापत जातो, त्याने आधी घेणाऱ्याला फसवलंच ना?

काळी शाई

मेव्हण्यांना सांगा की झेरॉक्सला मूळ कागद लागतो. वूडकटला मूळ कागदच नसतो. ठोकळा हे चित्र नव्हे, तो उलटा असतो, त्यावर रंग नसतो. चित्र पहिल्यांदा जन्मतं ते कागद उचलल्यावर, आणि दर वेळी नव्याने. शाई किती, दाब किती, हवा दमट की कोरडी, सगळं त्यात उतरतं. माझ्या एका प्रदर्शनात कॅनव्हास दर्शनी भिंतीवर आणि छापचित्रं पाण्याच्या फिल्टरशेजारच्या बोळात लावली होती. एक बाई माझ्या चित्रासमोर उभ्या राहून मलाच विचारत होत्या, 'ओरिजिनल कुठे ठेवलंय?' मी तिथेच रडले. म्हणून सांगते, ही गंमत नाही.

आणि फसवणुकीचं म्हणाल तर ७/२५ची पद्धत बाजाराची आहे. छापण्याची कला निघालीच मुळी पुष्कळांच्या हातात चित्र पडावं म्हणून. ज्याला हवं त्याला एशरने दिलं. मला तो यासाठीच मोठा वाटतो.

रविवारकर

मग रविवर्म्याचे ओलिओग्राफ, म्हणजे तेलचित्रांच्या रंगीत छापील प्रती, त्याही मूळच धरायच्या का? १८९४च्या सुमाराला मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. घराघरात त्याची लक्ष्मी पोचली. माझ्या आजीच्या देव्हाऱ्यात होती. तिला कुणी कलासंग्रह म्हटलं नाही.

काळी शाई

त्यात फरक आहे. रविवर्म्याने तेलरंगात चित्र केलं आणि दगडावर ते कारागिरांनी उतरवलं. तिथे मूळ वेगळं होतं. एशरने दगडावर, लाकडावरच विचार केला. पण तुमच्या आजींची लक्ष्मी कमी दर्जाची असं मी म्हणणार नाही. ते तुम्ही म्हणताय.

रविवारकर

माझ्या आजीला मध्ये आणू नका.

काळी शाई

तिला तुम्हीच आणलंत.

चौकटवाला

दोघंही शांत व्हा. मला उत्तर मिळालेलं नाही. दगडाचं लिथो तर एशरही दुसऱ्या छपाईवाल्यांकडून छापून घ्यायचा. मग ते मूळ कसं?

काळी शाई

हो, लिथो व्यावसायिक छापणाऱ्यांकडून घ्यायचा. दगडावरचं रेखाटन मात्र त्याचं. माझ्या लेखी ते मूळ आहे, पण वूडकटइतकं नाही, हे मान्य करते. नाइलाजाने.

हेगवासी

बारा वर्षं द हेगमध्ये राहतोय, म्हणून लिहितो. इथे लांगे व्होरहाउटवर राजघराण्याचा एक जुना वाडा आहे, २००२पासून तिथे एशरचं संग्रहालय आहे. पाहुणे आले की घेऊन जातो, म्हणून किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. पहिल्या वेळी मीही रविवारकरांसारखाच युक्त्या शोधत फिरलो. पुढे आई नागपूरहून आली. तिला इंग्रजी पाट्या वाचायचा कंटाळा. ती सरळ 'रूपांतर २'पाशी गेली. ते १९३९-४०चं, चार मीटरला थोडं कमी, लांब पट्टी. चौकोनांचे सरडे होतात, सरड्यांचं मधाचं षटकोनी पोळं, पोळ्यातून मधमाशा, मग मासे, पक्षी, आणि पक्ष्यांतून समुद्रकाठचं एक गाव. आई चालत चालत गावापर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, 'हे खरं गाव आहे.' मी म्हटलं, कशावरून? म्हणाली, 'बाकी सगळं त्याने मनाने केलंय, हे आठवून केलंय.'

ते आत्रानी आहे, आमाल्फीजवळचं. १९३१मध्ये त्याने त्याचं वेगळं लिथो केलं होतं. इटली सोडल्यावरही ते गाव त्याच्या चित्रांत परत येत राहिलं. हीच पट्टी त्याने १९६७-६८मध्ये लांबवून जवळजवळ सात मीटरची केली, इथल्या पोस्टासाठी. तिथेही शेवटाकडे आत्रानी आहेच. ती मोठी करून लावलेली भिंत आता स्खिपोल विमानतळावर आहे.

गणिताचा मास्तर

हेगवासी, आईंना नमस्कार सांगा. मी हे चित्र वर्गात वीस वर्षं दाखवतोय, गाव हा मी 'शेवटचा तुकडा' म्हणून सोडून द्यायचो.

रविवारकर

आत्रानीचं मी मानतो. हे मला कुणी सांगितलं असतं तर 'माणूस नाही' असं सरसकट लिहिलं नसतं. पण चेहऱ्यांचा मुद्दा सोडत नाही. घर, दगड, मासा यांवर त्याचा जीव होता, माणसाच्या तोंडावर नव्हता. आणि काळी शाई, खांद्याबद्दल लिहिलं ते कमीजास्त झालं असेल तर तेवढं मागे घेतो. तेवढंच.

काळी शाई

घेतलंत, बरं झालं. मास्तरांनी सांगितलेलं 'वर्तुळ-मर्यादा ३' पुन्हा काढा. पाच ठोकळे, चार रंगांचे आणि एक काळ्या रेषांचा. प्रत्येक ठोकळ्यावर वर्तुळाचा जेमतेम पाव भाग. म्हणजे प्रत्येक ठोकळा कागदावर चारदा, फिरवून फिरवून. एका प्रतीला वीस ठसे, आणि एकही केसभर सरकून चालत नाही. मास्तर, हे तुमच्यासाठीही आहे. मिलिमीटर असा आलाय.

आणि चेहरे हवेत ना? १९३५च्या ऑगस्टमधलं त्याच्या वडिलांचं लिथो शोधा. गेओर्ग आर्नोल्ड एशर, जपानमध्ये नद्यांची कामं केलेले इंजिनिअर, तेव्हा वय ९२. मुलाने इटली सोडली त्याच वर्षी हे केलंय. त्या चित्रापुढे किती वेळ थांबलात ते इथे येऊन लिहा.

रविवारकर

शोधतो. आज नाही, रविवारी.

चौकटवाला

तोवर कुणीतरी सांगा, ७/२५चं मेव्हण्यांना काय सांगू?